पाच पिवळ्या पट्ट्या

डाव्या मनगटाभोवती उजव्या हाताची दोन बोटं गुंडाळा बरं. गुंडाळलीत? आता समजा, तिथे बोटं नाहीत, एक पिवळी कागदी पट्टी आहे. पट्टीवर निळ्या शाईने, वळणदार अक्षरात तुमचं नाव लिहिलंय. लिहिणारी मुलगी तुमच्याएवढीच आहे. दहा वर्षांची. तिचं नाव ग्रेटा.

अमेरिकेतल्या वेल्डन गावात कॉलेजच्या फाटकासमोर एका रांगेत सात बार होते. कोपऱ्यावरचा बार ग्रेटाच्या बाबांचा, मिलो यांचा. दुपारी तिथे बर्गर मिळायचे, आणि शाळा सुटली की खिडकीजवळचं टेबल ग्रेटाचं असायचं.

त्या गावात एक खुळी रीत होती. एकविसाव्या वाढदिवसापासून कायद्याने दारू पिता येते, म्हणून त्या दिवशी मित्र पोराला एकवीस पेले पाजत. वर्षाला एक पेला. दोन हिवाळ्यांपूर्वी ईथन नावाच्या मुलाला मित्रांनी असंच पाजलं आणि सोफ्यावर झोपवलं. अंगावर पांघरूणही घातलं. सकाळी ईथन उठलाच नाही.

मग कॉलेजच्या डीन मिसेस पेनिंग्टन, सातही बारवाले आणि मागच्या गल्लीतले रहिवासी एकत्र बसले. महिनोन् महिने भांडले, पण शेवटी त्यांनी ही पट्टीची युक्ती काढली. वाढदिवसाचं पोर पहिल्या बारमध्ये आलं की गाडीच्या परवान्यावर त्याचं वय बघायचं आणि पट्टी बांधायची. दर पेल्याला पट्टीत एक भोक. तीन भोकं झाली की सातांपैकी कुठेही चौथा पेला मिळणार नाही. लिंबू सरबत आणि तळलेले बटाटे मात्र हवे तेवढे, तेही फुकट.

बाबांच्या बारमध्ये पट्ट्यांवर नावं ग्रेटा लिहायची. ते काम तिने मागून घेतलं होतं, आणि पट्ट्यांची गुंडाळी तिच्याच टेबलावर असायची.

फुटबॉलच्या सामन्याचा शनिवार होता. सकाळी दहालाच बार लाल सदऱ्यांनी भरून गेला. त्या गर्दीतून वाट काढत वेस्ली आला; आज त्याचा एकविसावा वाढदिवस होता. वेस्ली म्हणजे ग्रेटाला अपूर्णांक शिकवणारा कॉलेजातला मुलगा. चीज सँडविचचे तुकडे करून तो पाव आणि पाऊण समजावायचा आणि मग सगळे तुकडे स्वतःच खायचा.

"काय साहेब, आमची पट्टी तयार आहे का?" त्याने विचारलं. तो तिला नेहमी साहेबच म्हणायचा.

"परवाना दाखव आधी."

"बघा! मी हिला अपूर्णांक शिकवले आणि ही माझ्याकडेच परवाना मागते!" त्याने परवाना दाखवला, मग हळूच खाली वाकला. "साहेब, एक गंमत करायची? अजून दोन-चार पट्ट्या दे ना. आठवण म्हणून. खोलीत लावीन."

ग्रेटाने काउंटरकडे पाहिलं. बाबा पाठमोरे होते. आठवण म्हणून नको आहेत, एक भरली की दुसरी बांधायला हव्या आहेत, हे तिला कळलं होतं. मुलांनो, हे नीट ऐका, कारण पुढे चार दिवस ती स्वतःला उलटंच सांगत राहिली. तिला कळलं होतं. पण साऱ्या कॉलेजात वेस्लीने गंमत करायला तिलाच निवडलं होतं. तिने एकीच्या जागी पाच पट्ट्या फाडल्या आणि पाचही पट्ट्यांवर सुंदर अक्षरात त्याचं नाव लिहिलं.

दुपारी तीन वाजता वेस्ली शेजारच्या बारच्या पायरीवर कोसळला. तो बार मिस डोलोरेस यांचा. रुग्णवाहिका आली, तेव्हा ग्रेटा खिडकीतच उभी होती. वेस्लीचा एक बूट पायरीवर राहिला. डोलोरेसनी तो उचलला आणि गाडीच्या मागे धावत गेल्या.

वेस्ली वाचला. मात्र दोन दिवस तो नळ्या लावून पडून होता. विचारलं तर म्हणाला, मला काही आठवत नाही. ग्रेटाचं नाव त्याने घेतलं नाही. त्याने घेतलं असतं, तर तिला बरं वाटलं असतं. रोज रात्री तिच्यापुढे तो बूट यायचा.

मंगळवारी शाळा सुटल्यावर वाचनालयात सगळे जमले. घरी कुणी नव्हतं म्हणून बाबांनी ग्रेटाला बरोबर आणलं. पट्ट्यांची गुंडाळी तिच्या दप्तरात होती.

"त्याच्या हातावरच्या पट्टीला एकच भोक होतं," मिसेस पेनिंग्टन म्हणाल्या. "आणि रक्तात दारू तेरा-चौदा पेल्यांची. सामन्याच्या गर्दीत तो आला होता का, हे बाकीच्या पाच बारवाल्यांना आठवत नाही. डोलोरेस, तो शेवटी तुमच्याकडे होता."

"मी एक पेला दिला, एक भोक पाडलं," डोलोरेस म्हणाल्या. "मग त्याचे डोळे बघितले आणि पाणी दिलं. म्हटलं, बाळा, बटाटे खा. तर तो हवा खायला म्हणून बाहेर गेला."

"म्हणजे बाकीचे तेरा हवेतून आले?" मागून कुणीतरी बोललं. लोक हसले.

"अहो, पट्टी खोटं बोलते का?" गल्लीतले एक आजोबा तडकले. "आमच्या फुलझाडांवर पोरं ओकतात, ते बंद झालं होतं या पट्टीमुळे! एकाने लबाडी केली की सगळं पाण्यात."

"मी लबाडी करत नाही, मिस्टर ओल्सन. ईथन माझ्याकडे कामाला होता. ही पट्टी सुरू करा म्हणून पहिली मी भांडले."

मग बाबा उठले. "डोलोरेस, मला वाईट वाटतं. पण नियम म्हणजे नियम. माझ्याकडे त्याने एकच पट्टी बांधली, मी मोजून तीन दिले आणि तीन भोकं पाडली; एका भोकाची नवी पट्टी तुमच्याकडेच बांधली गेली असणार. तुमचा बारचा परवाना काढून घ्यावा असं नगरपालिकेला कळवायचं असेल, तर माझी सही घ्या."

कागद टेबलावरून फिरू लागला. एक सही झाली. दुसरी झाली. डोलोरेस मान खाली घालून बसल्या होत्या. ग्रेटा लहान असताना त्या तिच्या सरबतात दोन चेरी जास्त टाकायच्या. आज त्यांच्या मांडीवर एक पिशवी होती आणि पिशवीतून बुटाची नाडी लोंबत होती. वेस्लीचा बूट त्यांना अजून त्याला द्यायचा होता.

आपण बोललो तर परवाना बाबांचा जाईल, हे ग्रेटाला कळत होतं. पट्ट्याही कदाचित बंद होतील. आणि नाही बोललो, तर काहीच होणार नाही. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

कागद बाबांपुढे आला. त्यांनी खिशातून पेन काढलं.

"बाबा, थांबा," ग्रेटा म्हणाली.

"आत्ता नाही, चिमणे."

ती थांबली नाही. दप्तर उघडून तिने गुंडाळी काढली आणि सरळ डोलोरेसच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. एक पट्टी फाडली. मग दुसरी, मग तिसरी. पाच झाल्यावर तिने निळं पेन उघडलं. अक्षर वाकडं येत होतं, तरी तिने पहिल्या पट्टीवर 'वेस्ली' लिहिलं. मग दुसऱ्या पट्टीवर लिहायला घेतलं.