दाजींना घरी आणलं

कारखान्यात त्याला सगळे 'पाद्री' म्हणत. तो पाद्री वगैरे काही नव्हता, लेथवर लोखंड कातणारा टर्नर होता. पण तोंडात शिवी नाही, कुणाच्या माघारी कुणाबद्दल बोलणं नाही, आणि डबा उघडला की पहिला घास घेण्याआधी डोळे मिटून क्षणभर गप्प बसायचा. तेवढ्यावरून हे नाव पडलं आणि चिकटलं. "पाद्री, वरती आमचीही ओळख सांगून ठेव रे," असं कुणी म्हणालं की तो हसायचा. "सांगितली होती. ते म्हणाले, कोण हा?" मग सगळे हसत, आणि मशिनं पुन्हा सुरू होत. पाळी सुटली की बाकीचे घोळक्यानं चहाला जात. हा सरळ घरी. तिथे वाट बघणारं कुणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. तरी पावलं आपली घराकडेच वळायची.

एके दुपारी सुपरवायझरनं त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि फोन हातात दिला. पलीकडे हॉस्पिटलमधली नर्स होती.

"तुम्ही यांचे मेहुणे ना? यांच्या मोबाइलमध्ये 'मेहुणा, कारखाना' असा हा एकच घरचा नंबर लागला. अर्धांगवायूचा झटका आलाय. जिवावरचं टळलं, पण उजवी बाजू गेली आणि वाचाही. आता घरी न्यायला कुणीतरी हवं."

नर्सनं नाव सांगितलं. दाजी. त्याच्या मोठ्या बहिणीचा नवरा.

पुष्कळ वर्षांपूर्वी ताई आजारी पडली तेव्हा याच दाजींनी तिला त्याच्या दाराशी आणून सोडलं होतं. "चार दिवस ठेवून घ्या, मग नेतो," म्हणाले होते. बॅग उंबऱ्याच्या आत ठेवली, पाणीसुद्धा न पिता निघून गेले. पुढे कळलं की त्यांनी दुसऱ्या एका बाईबरोबर संसार थाटलाय. ताईची किडनी हळूहळू निकामी होत गेली. कामावरून आल्यावर हा तिचं सगळं करायचा, आणि दिवसा शेजारच्या काकू बघायच्या. शेवटी तिनं त्याच्याच घरातल्या पुढच्या खोलीत प्राण सोडला. दाजी मातीलासुद्धा आले नाहीत.

हॉस्पिटलात गेला तेव्हा त्यानं मनाशी ठरवलं होतं की बघायचं, सही करायची असेल तर करायची आणि परत फिरायचं. वॉर्डाच्या टोकाला, खिडकीपाशी दाजी पडले होते. एके काळी इस्त्रीचा सदरा मोडू नये म्हणून खुर्चीत ताठ बसणारा माणूस. आता ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, आणि ती पुसायला हात उचलत नव्हता. त्यांनी याला ओळखलं. ओळखल्यावर तोंड भिंतीकडे फिरवलं.

"यांच्याबरोबर राहायची ती बाई?" त्यानं नर्सला विचारलं.

"वारली म्हणे दोनेक वर्षांपूर्वी. तिची एक मुलगी आहे, पण तिचा नंबर लागत नाही. तुम्ही नेणार नसाल तर निराधारांच्या आश्रमात पाठवावं लागेल. तिथेही जागा होईपर्यंत वेळ जाईल."

तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. प्रार्थना करायचा प्रयत्न केला, पण शब्द सुचेनात. शेवटी मनात एवढंच म्हणाला, 'प्रभू, मला हे करायचं नाही. तुला हवं असेल तर करतो. पण मनापासून होईल असं समजू नकोस.'

धाकट्या भावाला फोन करून दाजींना घरी आणतोय असं सांगितलं तेव्हा तो तासाभरात घरी आला. बूटही काढले नाहीत.

"दादा, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? ताई ज्या खोलीत गेली त्या खोलीत तू त्याला झोपवणार?"

"दुसरी खोली कुठे आहे?"

"विनोद करू नकोस."

"विनोद नाही रे. खरंच नाही."

"मरू दे त्याला आश्रमात. त्यानं तिला मरू दिलंच की."

"म्हणूनच," तो म्हणाला. आपल्याला नीट सांगता येत नाही याची त्याला लाज वाटली. "त्यानं केलं तसं मला करायचं नाही. एवढंच."

"म्हणजे तू मोठा देवमाणूस. आणि आम्ही?"

शब्दानं शब्द वाढला. भाऊ दार आपटून गेला आणि त्यानंतर त्याचा फोन येणं बंद झालं. दर रविवारी उपासनेनंतर भाऊ, भावजय आणि हा एकत्र जेवत. तेही थांबलं. चर्चमध्ये भाऊ दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसू लागला आणि शेवटचं गीत संपायच्या आत बाहेर पडू लागला.

दाजी घरी आले. त्यानं सकाळची पाळी मागून घेतली, दिवसाचं बघायला काकू पुन्हा तयार झाल्या. "तुझ्या तोंडाकडे बघून करते हो," त्या म्हणाल्या, "त्याच्याकडे बघितलं की हात आखडतो." तो घरी आला की कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, चादर धुवायची, मऊ भात चमच्यानं भरवायचा. दाजींचा डावा हात चालत होता, आणि तो चालतो हे दाखवायला ते अधूनमधून चमचा उडवून लावत. भात भिंतीवर. तो भिंत पुसायचा आणि पुन्हा चमचा भरायचा. राग गिळायचा म्हणण्यापेक्षा दातांखाली धरून ठेवायचा. रात्री जबडा दुखायचा.

घरात दोन माणसं, आणि बोलणं शून्य. पूर्वी एकटा असताना तो भांडी घासताना स्वतःशीच गुणगुणायचा. आता तेही बंद झालं. कारखान्यात बातमी पसरली होती. कुणी म्हणे, म्हाताऱ्याचं घर लाटायचंय. दाजींचं घर भाड्याचं होतं, पण सांगत कुणाला बसणार? कुणी पाठीवर हात ठेवून "तू संत आहेस बाबा," म्हणायचं. ते त्याला जास्त टोचायचं. कारण आपल्या मनात काय चाललंय ते त्याला ठाऊक होतं. दाजींना आंघोळ घालताना त्याला ताईचे सुजलेले पाय दिसत, आणि तांब्यातलं पाणी मुद्दाम थोडं गार ठेवावंसं वाटे. एकदा ठेवलंही. दाजी शहारले. त्यानं मुकाट्यानं गरम पाणी मिसळलं आणि त्या दिवशी जेवला नाही.

प्रभुभोजनाच्या रविवारी, भाकरीचा तुकडा घ्यायला सगळे रांगेनं पुढे गेले तेव्हा, तो बाकावरून उठलाच नाही. चर्चच्या पाळकांनी ते पाहिलं. वयानं त्याच्यापेक्षा बरेच लहान होते. उपासनेनंतर खुर्च्या लावता लावता त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "आज पुढे आला नाहीत?"

"हात पुढे करवेना. ज्याला भरवतो त्याच्याबद्दल मनात विष आहे."

पाळकांनी खुर्ची खाली ठेवली. "किती दिवस भरवताय?"

"हिवाळ्यापासून."

"आणि विष आहे तेवढंच आहे?"

"कधी कमी, कधी जास्त."

"मला यावर मोठं काही सांगता येणार नाही," पाळक म्हणाले. "पण प्रेम वाटलं तरच ते खरं, असं मी तरी कुठे शिकलो नाही. तुम्ही करत राहा. आणि एक, एकटे करू नका. मी बुधवारी येतो, त्यांची दाढी मी करीन."

पाळक खरंच येऊ लागले. दाढी ओबडधोबड करायचे, पण यायचे.

उन्हाळा लागला तसे दाजींच्या तोंडून शब्द फुटू लागले. आधी 'पाणी', मग 'नको', मग 'खिडकी'. एका संध्याकाळी तो त्यांना भात भरवून तोंड पुसत होता. दाजींनी डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं. एकेक शब्द ओढून काढावा तसे म्हणाले, "ती... माझं... विचारायची?"

त्याच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. हा प्रश्न कधीतरी यावा म्हणून तो ताई गेल्यापासून थांबला होता. उत्तर तयार होतं, धोंड्यासारखं. ते तोंडावर फेकून मारायचं त्यानं किती वेळा मनात ठरवलं होतं. 'आठवणसुद्धा काढली नाही' असं म्हणूनही मोकळं होता आलं असतं. त्यानंही जखम झालीच असती, पण ते खोटं होतं.

"रोज," तो म्हणाला. "दार वाजलं की विचारायची, हे आले का. मी नाही म्हटलं की म्हणायची, कामात असतील."

धोंडा म्हणून जपलेलं वाक्य तोंडातून निघालं ते अगदी हळू, कुणा आजाऱ्याशी बोलावं तसं. दाजींचा चेहरा अर्धाच हलत होता. रडणंही अर्ध्या चेहऱ्यावर आलं. घशातून न थांबणारा एक ओबडधोबड आवाज निघत राहिला. तो उठून जाऊ शकला असता. गेला नाही. खाटेच्या कडेला बसून राहिला, आणि ताई गेल्यावर पहिल्यांदाच दुसऱ्या माणसासमोर रडला. कुणी कुणाला धीर दिला नाही.

त्यानंतर सगळं गोड झालं असं नाही. दाजी हट्टीच राहिले, सूप गार झालं की तोंड वाकडं करत. पण चमचा उडवणं बंद झालं. पुढच्या प्रभुभोजनाला तो उठून रांगेत उभा राहिला. मनात फार काही उचंबळलं नाही. भाकरीचा तुकडा घेतला, खाल्ला, जागेवर येऊन बसला.

त्या बाईची मुलगी आली ती पावसाळा सरताना. नोकरीसाठी ती परदेशात होती, नंबर बदलला होता, परत आल्यावर जुन्या शेजाऱ्यांकडून तिला कळलं. चांगली वाटली. दारातच म्हणाली, "तुम्हाला तोंड दाखवायची हिंमत नव्हती. पण त्यांनी मला लहानाचं मोठं केलंय. मी त्यांना घेऊन जाते."

दाजींनी लहानाचं मोठं केलं. हे ऐकून त्याच्या काळजात जुनी कळ उठली, कारण ताईला मूल हवं होतं. त्यानं तिला औषधं कधी कुठली ते समजावलं, कूस बदलताना खांदा कसा धरायचा ते दाखवलं. दाजी आता काठीवर चार पावलं टाकत होते. गाडीत बसताना त्यांनी मागे वळून पाहिलं आणि काही बोलायला तोंड उघडलं. पण शब्द अडकला, आणि ड्रायव्हरनं दार लावलं. तिचा एकदा फोन आला, पोहोचलो म्हणून. पुढे काही नाही.

खोली रिकामी झाली. दुपारी कामावरून आला की तो सवयीनं पातेल्यात मूठभर तांदूळ जास्त टाकायचा. काकू म्हणाल्या, "सुटलास बाबा." तो हो म्हणाला. सुटल्यासारखं वाटत नव्हतं.

मग एका रविवारी उपासनेनंतर, न बोलावता, तो भावाच्या घरी गेला. दार भावजयीनं उघडलं. क्षणभर घुटमळली, मग बाजूला झाली. भाऊ टेबलाशी बसून जेवत होता. त्यानं मान वर केली नाही, पण पायानं समोरची खुर्ची थोडी मागे सरकवली.

"गेला ना तो?"

"गेला."

"काही म्हणाला? आभार वगैरे?"

"नाही."

"मग काय मिळवलंस, दादा?"

भावजयीनं ताट वाढलं. तो डोळे मिटून गप्प बसला. भाऊ थांबला, त्याचे डोळे उघडेपर्यंत. मग खाली बघत म्हणाला, "मी नसतं केलं. आजही करणार नाही."

"मला ठाऊक आहे."

"तुला माझा राग नाही?"

"एकट्यानं जेवायचा कंटाळा आलाय," तो म्हणाला.

भावानं मिठाची बाटली दादाकडे सरकवली. बाकी जेवण चमच्यांच्या आवाजातच झालं. निघताना भाऊ दारापर्यंत आला नाही. भावजय मात्र आली. म्हणाली, "पुढच्या रविवारीही या. हे काही म्हणणार नाहीत, तरी या."

तो चालत घरी आला. रस्त्यावर रविवारची शांतता होती. घरात येऊन त्यानं पुढच्या खोलीची खिडकी उघडली, खाटेवरची गादी उन्हात टाकली आणि दुसऱ्या दिवशीच्या पाळीसाठी कपडे काढून ठेवले.