तीन वेढे, टोक आत

भर उन्हात गाडी बंद पडली की लोक कपाळावर हात मारतात. काकूंना मात्र बरं वाटायचं, आणि हे त्या कुणाला सांगू शकत नव्हत्या. सांगणार तरी कसं? लेकीला सांगितलं असतं तर तिनं गाडीच्या आधी आईलाच डॉक्टरकडे नेलं असतं.

गाडी लेकीपेक्षा वयानं मोठी. साईच्या रंगाची, मागचं एक दार आतूनच उघडणारं. थंडीत तिची काही तक्रार नसायची. पण ऊन तापलं, आणि अर्धा तास चालून झाला, की इंजिन दोन उचक्या द्यायचं आणि गप्प व्हायचं. मग नऊ मिनिटं काहीही करा, ढकला, हाता-पाया पडा, ढिम्म. नऊ मिनिटांनी किल्ली फिरवली की जणू काही घडलंच नाही अशी सुरू. काका तिला कधी कुणा मिस्त्रीच्या हाती द्यायचे नाहीत. स्वतः जन्मभर कारखान्यात फिटर, त्यामुळे घरातलं सगळं तेच दुरुस्त करायचे. "स्वभाव आहे तिचा," म्हणायचे, "माणसाचा चालवून घेतो, तिचा नको का घ्यायला?"

हे सगळं आधीचं. चार वर्षांपासून काकांना एकेक विसरायला होत होतं. आधी चष्मा, मग रस्ता, मग लेकीचं नाव. शेवटी एका सकाळी काकूंनी चहाचा कप पुढे ठेवला, तर ते अदबीनं म्हणाले, "बाई, उगाच त्रास घेतलात." आणि थोड्या वेळानं, "उशीर झाला असेल तुम्हाला. घरचे वाट बघत असतील." काकूंनी ओट्याकडे तोंड फिरवलं आणि मुळीच गरज नसताना भांडी घासायला घेतली. चहाच्या त्या भांड्याचा दांडा काकांनीच कधीतरी तारेनं बांधला होता. तीन वेढे, आणि तारेचं टोक आत वळवलेलं, बायकोच्या हाताला टोचू नये म्हणून. दोरी असो, खुर्ची असो, त्यांची गाठ हीच. एवढं सगळं त्यांचं घरभर बांधलेलं होतं आणि माणूस मात्र सुटून चालला होता.

मग त्या उन्हाळ्यात एकदा काकूंनी त्यांना फिरायला नेलं. गावाबाहेरच्या झाडीच्या रस्त्याला गाडीनं दोन उचक्या दिल्या आणि बंद पडली. काकूंनी ती कशीबशी सावलीत घेतली. एकदम शांत झालं. समोरचा रस्ता उन्हात पाण्यासारखा हलत होता. बॉनेटखाली पत्रा निवताना टिक, टिक वाजत होता. पानांमधून उन्हाचे कवडसे काचेवर सांडले होते. काकांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, सीट मागे सरकवली, आणि म्हणाले, "अगं, बस निवांत. नऊ मिनिटं आहेत आपली."

काकूंनी गर्रकन वळून बघितलं. ते त्यांच्याकडेच बघत होते, ओळखीनं. म्हणाले, "तुझी ती निळी छत्री कुठं गेली गं? धाकट्या जाऊबाईंनी लाटली ना शेवटी?" लाटलीच होती, सत्तावीस वर्षांपूर्वी. काकू हसल्या, रडल्या, दोन्ही एकदम. मग नऊ मिनिटं झाली, त्यांनी सवयीनं किल्ली फिरवली, इंजिन धडधडलं, आणि काका सरळ होऊन बसले. "वा, झाली सुरू. कुठं जायचंय तुम्हाला, बाई?"

त्या दिवसापासून काकूंना दुपारचं वेड लागलं. ऊन डोक्यावर आलं की ह्या निघाल्याच. शेजारीण म्हणायची, "अहो, या उन्हात कावळासुद्धा बाहेर पडत नाही." काकू म्हणायच्या, "कावळ्याला कुठं गाडी आहे?"

पण गाडीला काय ठाऊक कुठं थांबायचं! गेल्या आठवड्यात ती पुलाच्या मधोमध थांबली. मागून येणाऱ्या बसनं करकचून ब्रेक दाबला आणि हातभर अंतर ठेवून उभी राहिली. लेकीला हे कळलं, आणि ती आली ती तापूनच. "आई, पुरे झालं. रविवारपर्यंत मिस्त्रीनं मला लिहून द्यायचं की ही पुन्हा बंद पडणार नाही. नाहीतर सोमवारी भंगारवाला येतोय, मी बोलून ठेवलंय." पोरीचं चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत. बसमध्येही माणसं होतीच की. गाडी बरी झाली तर ती नऊ मिनिटं गेली, आणि नाही झाली तर गाडीच गेली. म्हणजे दोन्हीकडून काका जाणारच.

गल्लीच्या टोकाला गॅरेज होतं. तिथल्या मिस्त्रीच्या मागं त्याची मुलगीच ते चालवायची. चाळिशीची, बारीक, कपाळाला कायम ग्रीस. एकदा बिघाड धरला की सोडत नाही म्हणून सगळे तिला पक्कड म्हणायचे, आणि तीही ओ द्यायची. तिची रीत बापाचीच: बिघाड डोळ्यांसमोर होईपर्यंत बॉनेटला हात लावायचा नाही. "काकू, इथं येईस्तोवर ती थंड होते आणि शहाण्यासारखी वागते. मी तुमच्याबरोबर बसते. बंद पडली की एकेका भागावर ओल्या फडक्याची पट्टी ठेवायची, तापात पोराच्या कपाळावर ठेवतो तशी. ज्याला पट्टी ठेवल्यावर ती लवकर शुद्धीवर येईल, दुखणं तिथं. पण एका वेळी एकच हं. चार ठिकाणी पट्ट्या ठेवल्या तर कुठल्या पट्टीनं ताप उतरला ते कसं कळणार?"

गुरुवारी दुपारी तिघं निघाले. पक्कड मागच्या सीटवर, मांडीवर पाण्याची बादली. झाडीच्या रस्त्याला दोन उचक्या आल्या आणि गाडी थांबली. पक्कड उतरून बॉनेटखाली गेली, तिनं ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलवर पट्टी ठेवली. आत सावली हिरवीगार, डोळे जड करणारी. काका म्हणाले, "अगं, अकरा माणसं आणि चार खोल्या. तुझ्याशी दोन शब्द बोलायचे तर मी पाण्याच्या टाकीवर चढायचो, आणि तू वाळवणाच्या निमित्तानं गच्चीवर यायचीस. आठवतं?"

"आणि आई खालून हाक मारायच्या," काकू म्हणाल्या. "तुम्ही बोलायला तोंड उघडलं रे उघडलं की हाक."

"वास यायचा तिला," काका म्हणाले, आणि दोघं हसत सुटले. गाडीला बरोबर नऊ मिनिटं लागली. बॉनेट आपटून पक्कड म्हणाली, "कॉइल नाही." काकूंचा जीव भांड्यात पडला.

शुक्रवारी पट्टी पेट्रोलच्या पंपावर. पुन्हा नऊ मिनिटं. काकांनी लेक झाली त्या दिवशीचं सगळं सांगितलं, अगदी दाईच्या तुटक्या चपलेपर्यंत. घरी येताना काकूंना वाटत होतं, मी गाडी चालवत नाहीये, कुणीतरी अलगद आपल्याला वाहून नेतंय. पक्कड मात्र मागे बसून बोटं मोडत होती. "पंपही नाही. उद्या पाइप."

शनिवारी ऊन नुसतं पांढरं झालं होतं. गाडी थांबली. पक्कड म्हणाली, "हा पंपाकडून वर जाणारा पाइप," आणि फडकं घेऊन वाकली. आत काकांनी काकूंचा हात हातात घेतला. किती दिवसांनी! म्हणाले, "तुला एक सांगायचं राहूनच गेलंय. रागावणार नाहीस ना? ही गाडी आहे ना आपली, हिचं—"

"मारा किल्ली!" बाहेरून पक्कड ओरडली.

"दोनच मिनिटं झाली आहेत अजून!" काकू ओरडल्या.

"म्हणून तर! मारा!"

काकूंनी मारली. गाडी सुरू झाली. काकांनी हात हळूच सोडवून घेतला, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "हवा छान आहे नाही इथली, बाई?"

काकू स्टिअरिंगवर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडल्या. पक्कड खुशीत धावत आली होती, ती दारातच थिजली. मग काकूंनी तिला सगळं सांगितलं, पहिल्या दुपारपासून आत्ताच्या अर्ध्या वाक्यापर्यंत. पक्कडला एरवी कुणाचं रडणं सहन होत नसे. ती ग्रीसच्या हातानं काकूंची पाठ थोपटत राहिली, आणि झंपराची पार वाट लावली.

गॅरेजमध्ये तिनं गाडी वर उचलली, दिवा खाली नेला, आणि बोटानं पाइपाची वाट शोधत गेली. मग म्हणाली, "काकू, वाकून बघा जरा. पेट्रोलचा हा पाइप मुळात या बाजूनं जायला हवा. थंड बाजूनं. पण इथं बघा. धुराच्या गरम पाइपाजवळ आणून बांधलाय. त्यामुळे उन्हात आतल्या पेट्रोलची वाफ होते, वाफ अडून बसते आणि इंजिन उपाशी मरतं. निवलं की पुन्हा चालू. बरं, बांधणारा अडाणी म्हणावा तर तसंही नाही. मध्ये पत्र्याची पट्टी घातलीय, आग लागू नये म्हणून. अंतर मापून ठेवलंय. हा बिघाड नाही हो, हे कुणीतरी मुद्दाम, बसून, मन लावून केलेलं काम आहे. कुठल्या हरामखोरानं—"

"थांब," काकू म्हणाल्या.

दिव्याच्या उजेडात त्यांना तार दिसली होती. काळवंडलेली, जुनी. तीन वेढे, आणि टोक आत वळवलेलं.

त्यांना आधी रागच आला. एकतीस वर्षं! घामाघूम होऊन बसायच्या त्या, सासूबाईंना परत गेल्यावर काय सांगायचं या काळजीत. आणि हा माणूस शेजारी सीट मागे सरकवून निवांत. "काय करणार, स्वभाव आहे तिचा!" मग त्यांना आठवलं, त्या नऊ-नऊ मिनिटांतच तर त्यांचा सगळा संसार बोलून झाला होता. लेकीचं नाव तिथं ठरलं होतं. स्वतःच्या आईची धास्ती काकांनी तिथंच कबूल केली होती. अकरा माणसांच्या घरात जे कधीच झालं नसतं ते सगळं. त्या हसायला लागल्या, आणि हसू आवरता आवरेना.

"मेल्यानं मला चांगलंच बनवलं गं!"

पक्कडनं विचारलं, "मग, काय करू? सोडवू?"

काकूंनी डोळे पुसले. डोळ्यांसमोर पुलावरची ती बस उभी राहिली. "सोडव," त्या म्हणाल्या. "उद्या कुणाचं काही झालं तर मला ती मिनिटं गोड लागायची नाहीत. सोडव आणि तार मला दे."

रविवारी सकाळी लेकीनं पक्कडनं लिहून दिलेली चिठ्ठी वाचली, गावाभोवती गाडी फिरवून आणली आणि भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. "बघितलंस आई? काही अवघड नव्हतं." काकू म्हणाल्या, "नव्हतं खरं."

दुपारी त्या काकांना घेऊन निघाल्या. अर्धा तास झाला, पाऊण झाला. गाडी मुळी उचकलीच नाही, एका सुरात चालत राहिली. झाडीचा रस्ता आला. काकांनी बाहेर बघितलं, झाडं मागं मागं जात होती. "तुम्हाला पुढं कुठं उतरायचंय, बाई?" त्यांनी विचारलं.

काकूंनी आरशात मागचा रस्ता बघितला. चिटपाखरू नव्हतं. त्यांनी गाडी हळू केली, कडेला सावलीत घेतली, नीट थांबवली. आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

शांत झालं. पत्रा वाजायला लागला, टिक, टिक. काका अजून खिडकीबाहेरच बघत होते. काकूंना वाटलं, नाही, हे काही खरं नाही. मग काकांनी मनगटावर बघितलं.

"बंद पडली," काकू म्हणाल्या.

काकांनी कान दिला. कपाळाला आठी घातली, कारखान्यात एखादं यंत्र ऐकताना घालत तशी. "नाही गं," ते म्हणाले. "बंद पडते तेव्हा आधी दोन उचक्या देते ती. ही किल्लीनं बंद झालीय."

काकूंनी पर्समधून तार काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. ते तिच्याकडे बघत राहिले. आत वळवलेल्या टोकावरून त्यांनी अंगठा फिरवला. मग चोरी पकडल्यासारखे लाजले, पार कानापर्यंत.

"सापडली म्हणजे. केव्हा?"

"काल. इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर आईनं दारात विचारल्याबरोबर हसली असतीस. तुला खोटं बोलता येतं कुठं?"

काकांनी सीट मागे सरकवली, काकूंचा हात घेतला, आणि डोळे मिटून त्या रस्त्यावरच्या जुन्या दुपारींबद्दल बोलत राहिले. कुठल्या झाडाखाली लेकीचं नाव ठरलं तेसुद्धा त्यांना आठवत होतं. उन्हाचे कवडसे एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर सरकले. मध्येच त्यांनी विचारलं, "किती मिनिटं झाली गं? उशीर नको व्हायला. आई वाट बघत असेल."

वीस होऊन गेली होती. काकूंनी किल्ली काढून पर्समध्ये टाकली.

"आत्ताच तर बंद पडलीय," त्या म्हणाल्या. "बसा निवांत."