कुणीच न नेलेली पुस्तकं

माणच्या ग्रामवाचनालयात दाराशी एक टेबल आहे. गौतमी दर महिन्याच्या एक तारखेला त्यावर एकाच विषयाची पुस्तकं मांडते. ती बावधनहून येते. ग्रंथपाल म्हणून तिला इथे तीन वर्षं झाली. प्रवासवर्णनं झाली, पाककृती झाल्या, पक्षी झाले. ऑगस्टमध्ये विषयच सुचेना. मग तिने कपाटं धुंडाळून, शेवटच्या पानावरच्या देवघेवीच्या चिठ्ठीवर एकही तारीख नसलेली बावीस पुस्तकं काढली आणि पाटी लावली: ‘आजवर कुणीच न नेलेली पुस्तकं. पहिले वाचक व्हा.’

तीन दिवसांत पाच गेली. गौतमी खूश होती.

चौथ्या दिवशी भिवाजीअण्णा आले. त्यांची शेती आयटी पार्कात गेली, आता ते इमारतीतल्या खोल्या भाड्याने देतात. त्यांनी टेबलावरचं एक पुस्तक उघडलं, मग दुसरं, मग तिसरं. बहुतेकांच्या पहिल्या पानावर एकच शिक्का होता: ‘कै. शारदाबाई यांच्या स्मरणार्थ, पती भिवाजी यांजकडून.’

“मॅडम, ही पाटी कुणी लावली?”

“मी, अण्णा.”

“माझ्या मंडळीच्या नावाच्या पुस्तकांना कुणी हात लावत न्हाई, ह्ये समद्या गावाला दाखवायचं व्हतं का?”

गौतमीचा चेहरा उतरला. “चुकलं माझं. मी फक्त शेवटचं पान बघत गेले. आत्ता उचलते.”

ती पुस्तकं गोळा करू लागली. अण्णा खुर्चीवर बसून बघत राहिले.

“पण का नेत न्हाईत, त्ये सांगा. चांगली देवाधर्माची हायेत. पाच वर्सं झाली तिला जाऊन. पोथीबिगर दुसरं काय वाचलं न्हाई तिनं.”

गौतमी थबकली. मागच्या वर्षी जुन्या सभासदांची कार्डं संगणकात भरताना शारदाबाईंचं नाव तिने टाइप केलं होतं. दाखवावं की नाही, तिला कळेना. शेवटी तिने खालचा खण उघडला आणि रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा अण्णांच्या हातात दिला.

अकरा वर्षांत एकशे बारा पुस्तकं. रहस्यकथा, भुताच्या गोष्टी, खुनाच्या तपासाच्या कादंबऱ्या. देवाधर्माचं एकही नाही.

अण्णांनी कार्ड लांब धरून वाचलं. मग पुढचं. “सही तिचीच हाय,” ते म्हणाले.

शेवटच्या कार्डापर्यंत वाचून त्यांनी गठ्ठ्याला रबर परत लावलं.

“रोज दुपारी कागदाचं कव्हर घातलेलं पुस्तक घेऊन बसायची. पोथी वाचताना मधी बोलायचं न्हाई, म्हनायची. अकरा वर्सं मी गप बसलोय, मॅडम! मला सांगितलं असतं तर काय खाल्लं असतं का मी तिला?”

“सांगितलं असतं तर तुम्ही मधेच बोलला असतात,” गौतमीच्या तोंडून निघून गेलं.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. “त्ये व्हय,” ते म्हणाले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

सप्टेंबरचा विषय त्यांनीच सांगितला. एकशे बारांपैकी एकाहत्तर पुस्तकं सापडली; टेबल पुरेना म्हणून शेजारी बाक लावावा लागला. ‘शारदाबाईंनी वाचलेली पुस्तकं’ अशी पाटी लागली. पहिल्याच दुपारी त्यांची शेजारीण जया आली आणि म्हणाली, “ह्यातल्या लई गोष्टी तिनं मला धुणं धुताना सांगितल्यात. शेवट तेवढा सांगायची न्हाई.” तिने दोन पुस्तकं नेली.

अण्णाही सभासद झाले आणि एक जाडजूड कादंबरी घेऊन गेले. पंधरा दिवसांनी ते पुस्तक काखेत मारून आले.

“झालं वाचून?” गौतमीने विचारलं.

“साठ पानं झाली. आनखी पंधरा दिस लिहा,” अण्णा म्हणाले. “आन त्या जयाला सांगून ठेवा, खून कुणी केला त्ये माझ्याम्होरं बोलायचं न्हाई.”