बंदरापलीकडचा कवडसा

आमच्या रेग्लात सकाळी कॉफी गाळायला उभी राहिले, की बंदरापलीकडून, जुन्या हवानाच्या गच्च्यांवरून एक कवडसा यायचा आणि नेमका माझ्या डोळ्यांत घुसायचा. कुणाची मेली खिडकी आहे कोण जाणे, म्हणून मी शिव्या मोजायचे. शेवटी जाडजूड पडदा शिवून लावला आणि सुटले एकदाची.

मग एक दिवस योस्बेल आला. शेजारचाच, दोन पोरींचा बाप, पण खूळ सगळं कॉम्प्युटरवरच्या खेळांचं. इंटरनेट कुणाला परवडतंय, म्हणून ह्या मंडळींनी गच्चीवरून गच्चीवर तारा आणि अँटेना टाकून स्वतःचंच जाळं उभं केलेलं. त्यात खेळायचं, गप्पा ठोकायच्या. राजकारण बोलायचं नाही आणि जाळं देशाबाहेर जोडायचं नाही, एवढं पाळायचं.

"मावशी, गल्लीत सगळ्यात उंच गच्ची तुमची. एक अँटेना लावू द्या, म्हणजे पलीकडच्यांशी जोडले जाऊ."

"आणि छप्पर गळायला लागलं की खाली भांडी लावायला तू येणार का?"

"येतो की! पलीकडची गच्ची पण ठरलीय. आकोस्ता रस्ता, बेकरीवरचं पिवळं घर."

ते घर माझ्या थोरल्या बहिणीचं, ओनेलियाचं. आई गेल्यावर शिवणयंत्रावरून आमचं वाजलं. यंत्र माझ्याकडे आलं, बहीण दुरावली. लाँचने निघाले तर कॉफी निवायच्या आत पोचेन, पण आधी तिने बोलावं हा माझा हट्ट. तिचाही तोच असणार, एकाच आईच्या ना आम्ही! आता तिने गच्ची दिली म्हणजे अलीकडे कोण राहतं हे तिला ठाऊक असणारच.

"लाव," मी म्हणाले. "पण जोडलं गेलं की पहिली मी बोलणार. तुमचे खेळ नंतर."

रविवारी सकाळी गुडघे धरत मीही गच्चीवर चढले.

"एवढ्या गच्च्यांत तिची गच्ची ओळखायची कशी रे?"

"तिकडून आरसा चमकवतात, मावशी. जिथे चमकेल तिथे अँटेना रोखायची."

मला हसूच फुटलं. लहानपणी ओनेलिया मला अशीच उठवायची. आईचा आरसा उन्हात धरून कवडसा थेट तोंडावर. "ऊठ गं झेना, दुपार झाली!" मी चिडायचे, ती खिदळायची.

पलीकडे लख्ख चमकलं. विझलं, पुन्हा चमकलं. योस्बेलने अँटेना रोखली, पेचकस फिरवला, लॅपटॉपकडे बघून ओरडला, "लागलं!" मी त्याच्या डोक्यावरचा हेडफोन ओढूनच घेतला.

"ओनेलिया? मी झेनाइदा गं."

"कोण?" पुरुषाचा आवाज. "मी एवेलियो. सेन्योरा ओनेलिया मार्चमध्येच घर विकून अमेरिकेत तांपाला गेल्या, मुलाकडे. तुम्हाला माहीत नाही?"

मी योस्बेलकडे पाहिलं. "तुझं हे जाळं तांपाला पोचतं का रे?"

"नाही हो मावशी. हवानातल्या हवानात."

अख्खी हवाना मिळाली मला, आणि करू काय तिचं? मी हेडफोन काढणार, तोच एवेलियो म्हणाला, "आरसा नीट दिसला ना? बरं झालं, शोधावा नाही लागला. कठड्याला तारेने घट्ट बांधून ठेवलाय कुणीतरी, तोंड बरोबर तुमच्याकडे. मी नुसतं फडकं पुढे धरलं आणि काढलं. सोडून आत आणू का?"

"हात लावू नका त्याला!" मी इतक्या जोरात ओरडले, की योस्बेल दचकला. मग तिथेच कठड्याला टेकून पोटभर रडले. योस्बेलने हेडफोन परत मागितला नाही.

खाली आल्यावर आधी तो पडदा फाडून काढला.

दुसऱ्या दिवशी कॉफी उतू गेली तरी मी खिडकीतून हलले नाही. कवडसा आला, डोळ्यांत घुसला. मी डोळे मिटले नाहीत.

"उठले गं बाई," मी म्हणाले, "उठले."