चिठ्ठ्यांचा डबा

मी एक जुना बिस्किटांचा डबा आहे, मित्रांनो. माझ्यातली बिस्किटं कुणी खाल्ली ते आठवत नाही. आठवतात त्या चिठ्ठ्या. पाचोडच्या शाळेतल्या तात्यासाहेब मास्तरांनी त्या माझ्यात ठेवल्या आणि माझ्या जन्माचं सार्थक झालं.

पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं आणि शाळेत उर्दूच्या जागी मराठी आली. मास्तर स्वतः उर्दूत शिकलेले, म्हणून मराठीचं त्यांना भारी अप्रूप. दोन शब्द जोडून माणसं तिसरंच काही सांगतात, याची त्यांना गंमत वाटे. मीठभाकर, पोटपाणी, भाऊबंद असा जोडशब्द कानावर पडला की ते चिठ्ठीवर लिहीत आणि घरी बसून अर्थ भरत. तीन वर्षांत माझं झाकण लागेना. शहरातल्या एका छापखान्याने दिवाळीआधी पुस्तक काढायचं कबूल केलं. मास्तरांचं पहिलं पुस्तक! मीही फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

मला घेऊन शहराला निघायच्या आदल्या दिवशी बाजारात मिरच्या विकणाऱ्या सारजाबाईंना त्यांनी हौसेनं चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. "चोळीबांगडी म्हणजे चोळी आणि बांगडी," हे ऐकताच बाई खळखळून हसल्या.

"अवो मास्तर, बापानं मला चोळीबांगडीला दीड एकर रान दिलं. ह्या मिरच्या त्याच रानातल्या. माहेरानं लेकीला तोडून दिलेलं रान हाय ते! इचारायचं तरी मला!"

मास्तरांनी आणखी दहा चिठ्ठ्या वाचल्या. बाईंनी त्यातल्या चार चुकीच्या ठरवल्या. मास्तरांचा चेहरा पडला.

छापखाना थांबणार नव्हता, तरी मास्तर शहराला गेले नाहीत. दर बाजारी मला काखोटीला मारून ते विचारत फिरले आणि प्रत्येक चिठ्ठीखाली सांगणाऱ्याचं नाव लिहू लागले. पुस्तक कधीच निघालं नाही. वाईट वाटलं, नाही कसं वाटणार?

पुढे मास्तर शहरात, क्रांती चौकाजवळ, मुलाकडे राहायला आले. एकदा सारजाबाई भेटायला आल्या, तेव्हा मास्तरांनी चोळीबांगडीची चिठ्ठी काढून त्यांना वाचून दाखवली. शेवटी होतं, "सांगणार सारजाबाई, पाचोड."

"माझं नाव लिवलं व्हय?" बाई चिठ्ठीवरून बोट फिरवत राहिल्या. "आजवर कागदावर माझा निस्ता अंगठाच व्हता, मास्तर."

मास्तरांनी तशीच दुसरी चिठ्ठी लिहून माझ्यात ठेवली आणि पहिली त्यांना दिली. ती त्यांनी पदराच्या गाठीत बांधली.

आज मी गंजलोय, पण माझ्या पोटातला प्रत्येक अर्थ कुणीतरी आपल्या तोंडानं सांगितलेला आहे. त्या सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. मित्रांनो, शब्द ज्याच्या तोंडचा असेल त्याला आधी विचारा. आणि त्याचं नाव लिहायला विसरू नका.