राक्षस मोठा करायचा

मी आडोसा. पुठ्ठ्याचा, तीन घड्यांचा. टेबलावर उभा केला की माझ्या एका अंगाला एकटा माणूस बसतो आणि दुसऱ्या अंगाला बाकीचे सगळे. बाहेरच्या अंगावर पंख पसरलेला लाल ड्रॅगन आहे. आतल्या अंगावर बारीक अक्षरांचे तक्ते आहेत. एवढी अक्षरं अंगावर वागवूनही मला वाचता येत नाही. लेलंडचं बोट जिथं टेकायचं आणि मग तो जे बोलायचा, तेवढंच माझं शिक्षण.

छापखान्यातलं मला फार आठवत नाही. शाईचा वास आणि कडा दाबणारं यंत्र, बस. खरा जन्म म्हणावा तर लेलंड ब्रेक नावाच्या गृहस्थाच्या तळघरातला. लेलंड शाळेची बस चालवायचा, आता निवृत्त झालाय. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या त्याच्या गावाला तळं आहे, आणि हिवाळ्यात तळ्यावर बर्फ इतका जाड होतो की माणसं त्यावर गाड्या नेतात, भोकं पाडून मासे धरत बसतात. ज्यांना मासे धरायचे नसतात ती माणसं रविवारी दुपारी लेलंडकडे येतात.

खेळ म्हणजे गोष्टच. लेलंड ती सांगतो, म्हणून तो सूत्रधार. बाकीच्यांनी एकेक पात्र धरायचं आणि आपलं पात्र काय करणार ते सांगायचं. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. पात्र मेलं की मेलं, मग रडून उपयोग नाही. सूत्रधाराचा फासा मात्र माझ्या आड पडायचा. आकडा त्याला एकट्याला दिसायचा. आणि मला; आकडे तेवढे मला कळतात.

खेळापेक्षा भांडणं जास्त, आणि ती मंत्रांवरून. डुएन पोल्झिन हा त्यात पुढे. नियमांचं जाड पुस्तक त्याच्या मांडीवर कायम उघडं.

"पाणी उत्पन्न करायचा मंत्र मी शत्रूच्या पोटात टाकला तर?" तो एकदा म्हणाला.

"पुस्तकात काय लिहिलंय? उघड्या भांड्यात," लेलंड म्हणाला. "माणूस काय भांडं आहे?"

"माझा मेव्हणा आहे. बिअरचं. आणि उघडंच असतं."

हसून हसून कुणाच्या तरी कपातली कॉफी माझ्या कोपऱ्यावर सांडली. तो डाग अजून आहे.

ऑर्विन टेश या सगळ्यात कमी बोलायचा. त्याचा जादूगार हाल्ड्रिक, पांढऱ्या दाढीचा, शिशाची बोटभर मूर्ती. ऑर्विन पुस्तक कधी उघडायचा नाही, पण मंत्र वापरायचा तर असा, की टेबल गप्प व्हायचं. पेटीचं झाकण घट्ट बसवायचा साधा मंत्र त्यानं एकदा मगरीच्या जबड्यावर टाकला. डुएन उसळला, "जबडा म्हणजे झाकण नव्हे!" लेलंडनं माझ्यावर बोट ठेवून बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "आज आहे."

मग ऑर्विनला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि शब्द वाट चुकले. मीठ हवं असलं की तो 'खिडकी' म्हणायचा. 'हो'च्या जागी 'नाही' यायचं, 'नाही'च्या जागी 'हो'. आल्यावर त्याचं त्यालाच कळायचं आणि तो डाव्या मुठीनं मांडी आपटायचा. त्याची बायको अर्डिस शेजारी बसून त्याचं बोलणं पुरं करू लागली. तिनं स्वतःलाही एक वैदूचं पात्र घेतलं, म्हणजे नुसतं बसायला नको.

एका रविवारी ती सगळ्यांच्या आधी खाली आली. ऑर्विन अजून गाडीतून उतरत होता. लेलंड मला उभा करत होता.

"लेलंड, एक मागते. हाल्ड्रिकला मरू देऊ नकोस."

"अगं, खेळ आहे तो."

"तुझ्यासाठी. सोमवारपासून तो अंथरुणात भिंतीकडे तोंड करून पडतो. औषध दिलं तर ओठ मिटतो. रविवार म्हटलं की तेवढा उठतो, स्वतः बूट घालतो. त्याच्याकडून सगळं गेलं रे. तो म्हातारा जादूगारही गेला तर तो बूट कशासाठी घालेल?"

लेलंड माझी घडी सारखी करत राहिला. त्या दिवसापासून हाल्ड्रिकवर वार झाला की माझ्या आड फासा सतरा दाखवायचा आणि लेलंड मोठ्यानं म्हणायचा, "सहा. वार चुकला." मी पुठ्ठ्याचा, मी काय बोलणार? पण ऑर्विन माझ्या ड्रॅगनकडे बघत राहायचा. बघता बघता त्याचे डोळे ड्रॅगनवरून सरकून अशा जागी थांबायचे, की मला वाटायचं, याला माझ्या पलीकडचं दिसतंय.

आता त्या दुपारचं सांगतो.

गोष्टीत तिघं गोठलेलं तळं ओलांडत होते. डुएनचा बुटका योद्धा जखमी होऊन पडला होता. अर्डिसच्या वैदूची औषधं संपली होती. समोरून बर्फातला राक्षस चालत येत होता, झाडाएवढा, आणि हाल्ड्रिककडे एकच मंत्र उरला होता. लेलंडनं राक्षसाची मूर्ती पुढं सरकवली आणि घसा साफ केला.

"या खेपेला काही झालं नाही तर तो पोचला. ऑर्विन, तुझी पाळी."

पाळीला वाळूचं घड्याळ असतं. वाळू संपली की पाळी गेली. ऑर्विन आजारी पडल्यापासून लेलंड त्याच्या वेळी ते घड्याळ हळूच आडवं ठेवायचा. त्या दिवशीही ठेवलं. ऑर्विननं डावा हात लांब करून ते उचललं आणि सरळ उभं केलं. वाळू पडू लागली.

मग त्यानं आपल्या कागदावरच्या शेवटच्या मंत्रावर बोट ठेवलं. त्या मंत्राला दोन तोंडं आहेत. एकानं समोरचा दुप्पट मोठा होतो, दुसऱ्यानं निम्मा लहान. ऑर्विननं राक्षसाच्या मूर्तीकडे बोट दाखवलं.

"झकास!" डुएन म्हणाला. "राक्षस लहान. कमरेएवढा झाला की मी पडल्या पडल्या त्याचे गुडघे फोडतो."

"मोठा," ऑर्विन म्हणाला.

"लहान, ना?" अर्डिस त्याच्या दंडावर हात ठेवून म्हणाली. "लहान करायचाय ना, राजा?"

"मोठा."

"त्याला लहान म्हणायचंय," ती लेलंडला म्हणाली. "शब्द उलटा आला."

ऑर्विनची मूठ मांडीवर आपटली. वाळू निम्म्यावर आली होती. तो तोंड उघडायचा, मिटायचा. गळ्याची शीर ताठ झाली. "खि... खिडकी... मोठा!"

"हाल्ड्रिकला मोठं करायचंय का?" डुएन म्हणाला. "तेही चालेल. आपला म्हातारा राक्षसाएवढा! का रे?"

ऑर्विननं मान झटकली. मी माझ्या आतल्या अंगानं लेलंडचा चेहरा बघत होतो. त्याच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. 'लहान' धरावं, आकडा काहीतरी चांगला सांगावा, आणि संपवावं एकदाचं. त्याचं बोट माझ्यावर टेकलंही होतं.

तेवढ्यात ऑर्विन डुएनकडे वळला. लुळा हात मांडीवर पडलेला, डावा हात हवेत. तो हात गोल फिरवू लागला, गाडीचं स्टेअरिंग धरावं तसा. मग थांबला, तळवा टेबलावर सपाट ठेवला, आणि तळवा हळूहळू टेबलाच्या कडेवरून खाली, खाली नेला.

डुएन बघत राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"माझा ट्रक," तो म्हणाला.

ही गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती. बर्फ पातळ व्हायला लागला असताना, सगळे नको म्हणत असताना, डुएननं ट्रक तळ्यावर नेला होता आणि वाद घालत घालतच बुडवला होता. स्वतः दार उघडून पोहत बाहेर आला म्हणून वाचला.

"अरे, बर्फ!" डुएन उभाच राहिला. पुस्तकाची पानं फडाफडा उलटू लागला. "दुप्पट उंच झाला की वजन आठपट. लिहिलंय इथं! लहान नाही लेलंड, मोठा! हा माणूस मघापासून बरोबरच बोलतोय आणि आपण गाढवं त्याला शिकवतोय!"

अर्डिसनं ऑर्विनच्या दंडावरचा हात काढून घेतला. शेवटची वाळू पडली. पण मंत्र सांगून झाला होता.

"चालेल," लेलंड म्हणाला. "पण राक्षसाला मंत्र झटकायची संधी आहे."

"कसली संधी? मोठं होणं म्हणजे उपकारच. उपकार कोण झटकतं?"

"कुठला मंत्र येतोय ते त्याला काय ठाऊक? झटकणारच तो. चौदा किंवा वर पडलं तर मंत्र वाया." लेलंड थांबला. "आणि ऑर्विन, बर्फ फुटला तर हाल्ड्रिकही त्याच बर्फावर आहे."

"हो," ऑर्विन म्हणाला.

"त्याचं 'हो' कधी कधी..." अर्डिस पुटपुटली.

ऑर्विननं हाल्ड्रिकची मूर्ती उचलली. ती त्यानं पुढं नेली, आणखी पुढं, आणि राक्षसाच्या पायाशी ठेवली. मंत्र टाकायला तेवढं जवळ जावंच लागतं.

लेलंडनं फासा मुठीत घेतला. मूठ माझ्या आड गेली. मला ती पकड ओळखीची होती. फासा पडण्याआधीच त्यानं आकडा ठरवला होता.

आणि तेव्हा ऑर्विनचा डावा पंजा माझ्या डोक्यावर आला. त्यानं मला ढकललं. मी लेलंडच्या अंगावर कलंडलो, कॉफीचा कप सरकला. ऑर्विननं मला टेबलावर सपाट दाबून धरलं, आणि माझ्यावरच्या ड्रॅगनवर एक बोट ठोकलं. इथं. इथं टाक.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. इतके रविवार मी त्यांच्या मधे उभा होतो. ते असे एकमेकांकडे बघताना मी कधी पाहिले नव्हते. लेलंडच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुला माहीत होतं," तो म्हणाला. ऑर्विननं पुन्हा बोट ठोकलं.

फासा माझ्या पाठीवर पडला. घरंगळला. अकरा.

डुएननं आरोळी ठोकली. लेलंड सांगू लागला. राक्षस वाढला, त्याचं डोकं ढगात गेलं, आणि तळ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत बंदुकीसारखा आवाज झाला. बर्फ दुभंगला. काळं पाणी वर आलं आणि राक्षस हात वर करून खाली गेला. योद्धा आणि वैदू काठाजवळ होते, ते वाचले.

"हाल्ड्रिकला उडी मारायला पंधरा हवेत," लेलंड म्हणाला.

फासा ऑर्विननं डाव्या हातानं टाकला. तो माझ्या घडीपाशी जाऊन थांबला. आठ.

अर्डिस लेलंडकडे बघत होती. ते बघणं मला अजून विसरता येत नाही.

"हे बघा, तिरका पडलाय," डुएन एकाएकी म्हणाला. नियमाची एक मात्रा कधी न सोडणारा डुएन! "घडीवर अडकलाय फासा. असा पडला की पुन्हा टाकतात. पुस्तकात आहे."

फासा माझ्या पाठीवर होता. तो सपाट होता, मला कळत होतं.

"नाही," ऑर्विन म्हणाला.

या 'नाही'चा अर्थ कुणी कुणाला विचारला नाही.

लेलंडनं हाल्ड्रिकचं मरण सावकाश सांगितलं. पाणी किती गार होतं, दाढी कशी पसरली, वर बर्फातून उजेड कसा दिसत होता. ऑर्विन डोळे मिटून ऐकत होता. गालावरून पाणी वाहत होतं, त्यानं पुसलं नाही. ऐकून झाल्यावर त्यानं मूर्ती उचलून कोटाच्या खिशात घातली. अर्डिसनं त्याची टोपी हातात घेतली, पण ती द्यायला तिचा हात पुढं होईना.

"पुढच्या रविवारी..." लेलंड म्हणाला, आणि पुढचा शब्द त्यालाच सापडला नाही.

ऑर्विननं तोंड उघडलं. "खिडकी," तो म्हणाला, आणि मान हलवली. हे नव्हे. सगळे थांबले. डुएनच्या जिभेवर काहीतरी आलेलं मला दिसलं, त्यानं ते गिळलं. अर्डिसनं ओठ घट्ट मिटले. कुणी शब्द पुरवला नाही. तळघरातली घर तापवणारी भट्टी बंद पडली, पुन्हा सुरू झाली, तरी ते थांबले होते.

"चोर," ऑर्विन म्हणाला.

"कोण चोर?"

त्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "नवा. चोर."

डुएननं कपाळावर हात मारला. "मेलो! लेलंड, आता राक्षसापेक्षा आपल्याच पिशव्या सांभाळायला लागणार."

अर्डिस हसली आणि हसता हसता खुर्चीत बसून रडली. बूट मात्र ऑर्विननं स्वतः घातले. जिन्यावर त्यांचा आवाज मी वरपर्यंत ऐकला.

लेलंडनं मला पुन्हा उभा केलेला नाही. मी टेबलाच्या मधोमध आडवा पडलेला असतो, ड्रॅगन वर, आणि सगळ्यांचे फासे माझ्यावर पडतात. माझी एक घडी फाटत आली आहे, चिकटपट्टी लावली आहे. अक्षरं माझ्याखाली दाबलेली असतात. लेलंडला काही अडलं की तो आता टेबलाला विचारतो, मग पुन्हा सगळे भांडतात. चोर फार खोड्या करतो. ऑर्विनचे शब्द अजून चुकतात, आणि बाकीचे वाट बघतात.

तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी उभा असेल तर त्याला एकदा आडवा घालून बघा. पाठीला थोडं लागतं, पण लोकांचे चेहरे दिसतात. आता पायऱ्यांवर पावलं वाजतायत. एक पाऊल जड आहे, एक ओढत येतंय. रविवार आहे.