स्वल्पविरामापुढचे गुण

बुएआ शहरातल्या इंग्रजी-फ्रेंच अशा दोन माध्यमांच्या शाळेत इंग्रजी तुकडी झाडून सगळी पास झाली आणि फ्रेंच तुकडीतली निम्मी पोरं नापास. निकालाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बेसेमला हे पटेना. तिने फ्रेंच तुकडीच्या चुएंतेसरांनी टाइप केलेले गुण उघडले.

“सर, पावणेअकरा लिहिताना १०,७५ असा मध्ये स्वल्पविराम का दिलात?”

“मग काय देऊ? आम्ही जन्मभर तोच देतो. टिंब तुम्ही इंग्रजीवाले देता!”

बेसेमने प्रोग्रॅम तपासला. मजकुराचा आकडा करताना तो स्वल्पविरामापाशीच थांबून पुढचं सोडून देत होता. प्रत्येक विषयातला अर्धा-पाऊण गुण त्याने गिळला होता आणि काठावरची पोरं नापास ठरली होती.

“सर, पोरं पास आहेत हो!”

“काय?” सर ताडकन उठून खिडकीकडे धावले. नापास झाली म्हणून सकाळी त्यांनीच भर उन्हात गुडघ्यांवर बसवलेली पोरं अजून हात वर करून होती.